पुढच्या कन्सोलची चिप आणि पुढच्या कन्सोलची तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘पुढचा एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ६ दोन्ही २०२७ च्या शेवटी येणार, दोन्हींत एएमडी कंपनीचे झेन ६ हे प्रोसेसर-कोर असणार, चिप ३ नॅनोमीटरवर बनणार, अमुक बिटची बस, तमुक जीबी मेमरी, असं सगळीकडे वाचतोय. चिपच्या धंद्यातल्या माणसाने सांगावं, यात तथ्य किती? आणि आत्ता पीएस५ घ्यावा की थांबावं?’

आधी माझी बाजू. कन्सोलच्या चिपवर मी काम केलेलं नाही, त्यामुळे आतली खबर वगैरे माझ्याकडे काही नाही. असती तर इथे लिहिताही आली नसती. मोठ्या एसओसींचं (प्रोसेसर, ग्राफिक्स वगैरे सगळं एकाच ठिकाणी असलेल्या चिपांचं) फिजिकल डिझाइन, म्हणजे लॉजिक लिहून झालं की ते प्रत्यक्ष सिलिकॉनवर बसवायचं काम, हा माझा पेशा. त्यामुळे असल्या बातम्या वाचताना कोर किती, टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) किती याकडे माझं लक्ष नंतर जातं. ही माहिती चिपच्या कुठल्या टप्प्यातून निसटली असेल, हा विचार आधी येतो.

मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. चिपबद्दल जी माहिती फुटते ती पुष्कळदा खरी निघते. तिच्यावरून लोक जी तारीख काढतात ती क्वचितच बरोबर येते. चिप तयार असल्याशिवाय कन्सोल येत नाही हे खरं, पण चिप तयार झाली म्हणून कन्सोल येतो असंही नाही. लग्नाची तारीख नवरानवरी तयार आहेत म्हणून ठरत नाही, कार्यालय कधी मिळतंय यावर ठरते. इथे कार्यालय म्हणजे मेमरीचे भाव, फॅबमधली (चिपच्या कारखान्यातली) जागा आणि विक्रीची किंमत.

चिपची बातमी कशी वाचावी याचा उत्तम धडा २०१९ च्या डिसेंबरात मिळाला. एएमडीच्या चाचण्यांच्या काही फाइली गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर, उघड्या पडल्या होत्या. त्यांत ‘ओबेरॉन’ नावाच्या एका चिपची नोंद होती आणि तिच्या तीन अवस्था लिहिलेल्या होत्या: १८ कम्प्यूट युनिट्स (ग्राफिक्सचं गणित करणारे विभाग) ८०० मेगाहर्ट्झला, ३६ युनिट्स ९११ मेगाहर्ट्झला आणि ३६ युनिट्स २००० मेगाहर्ट्झला. ज्याला कन्सोल माहीत आहेत त्याला पहिल्या दोन ओळी वाचूनच कळतं की हा प्लेस्टेशन आहे. ८०० मेगाहर्ट्झ आणि १८ युनिट्स म्हणजे पीएस४; ९११ आणि ३६ म्हणजे पीएस४ प्रो. नवी चिप जुन्या दोन कन्सोलचं सोंग घेऊन बरोबर चालते का, याची ती तपासणी होती. तिसरी ओळ तिचं स्वतःचं रूप. ३६ युनिट्स, प्रत्येकात ६४ गणन-एकक, प्रत्येकाची क्लॉकच्या एका ठोक्याला दोन गणितं, गुणिले २ गिगाहर्ट्झ: ९.२ टेराफ्लॉप.

त्यावेळी प्लेस्टेशनच्या चाहत्यांना हा आकडा पचला नाही. त्याच फाइलींत एक्सबॉक्सच्या चिपपुढे ५६ युनिट्स लिहिलेली होती, मग सोनी ३६ वर कशी थांबेल? ही जुनी चिप आहे, हा फक्त डेव्हकिट (खेळ बनवणाऱ्यांना दिलेलं यंत्र) आहे, खरी चिप वेगळीच आहे, असे तर्क महिनोन्‌महिने लढवले गेले. १८ मार्च २०२० ला पीएस५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी त्याची रचना उलगडून सांगितली आणि आकडा निघाला ३६. क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, मात्र २.० नव्हे, २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणून १०.२८ टेराफ्लॉप.

युनिटांची संख्या बरोबर आणि क्लॉक बदललेलं, याचं कारण सरळ आहे. चिपवर किती युनिट्स आहेत हे फ्लोअरप्लॅनमध्ये, म्हणजे चिपच्या नकाशात, कोरलं जातं. टेपआउट झाल्यावर, म्हणजे पक्कं डिझाइन फॅबकडे गेल्यावर, ते बदलायचं म्हणजे जवळजवळ नवी चिप काढायची. क्लॉक मात्र शेवटी ठरतं. सिलिकॉन हातात आलं, किती व्होल्टेजला किती पळतं हे मोजलं, थंड ठेवायची सोय किती आहे ते पाहिलं, शेजाऱ्याने काय जाहीर केलंय तेही पाहिलं, मग क्लॉक पक्कं होतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या ग्राफिक्सचं क्लॉक ८०० वरून ८५३ मेगाहर्ट्झवर नेलं ते अगदी शेवटच्या काही महिन्यांत.

आता ५६ चं काय? तो एक्सबॉक्स, म्हणजे सिरीज एक्स, जाहीर झाला तेव्हा त्यात ५२ युनिट्स निघाली. फाइल इथेही खोटी नव्हती. चिपवर ५६ युनिट्स आहेतच, वापरात ५२ असतात. पीएस५ मध्येही ४० आहेत आणि ३६ चालू ठेवली जातात. मोठ्या चिपवर एखाद्या कोपऱ्यात दोष येणारच; चार युनिट्स सुट्टीवर पाठवायची मुभा ठेवली की सदोष चिपही विकता येते. त्यामुळे एका बातमीत ५६ आणि दुसऱ्या बातमीत ५२ दिसलं की एक खोटी ठरवायची घाई करू नये. दोन्ही माणसं एकाच चिपकडे दोन टोकांनी पाहत असतात.

त्या फाइलींत ओबेरॉनच्या नावापुढे रे-ट्रेसिंगच्या (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याच्या तंत्राच्या) चाचण्या नव्हत्या. म्हणून पीएस५ मध्ये रे-ट्रेसिंगचं हार्डवेअरच नाही, असाही बोभाटा झाला. होतं. त्या तपासणीत ते पाहिलं गेलं नव्हतं, एवढंच. फुटलेल्या कागदात जे नाही त्यावरून काढलेला निष्कर्ष मी तरी धरत नाही.

आणि तारीख? ती या फाइलींत कुठेच नव्हती. पीएस५ २०२० च्या शेवटी येणार हे सोनीने त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्येच सांगून टाकलं होतं.

या प्रकारात आपल्याकडचाही एक मजेदार अध्याय आहे. दहाएक वर्षांपूर्वी ‘झौबा’ नावाच्या संकेतस्थळावर भारतातल्या आयातीच्या नोंदी उघड दिसत. एएमडीची मोठी डिझाइन केंद्रं हैदराबाद आणि बेंगळुरूला आहेत. कॅनडाहून तिकडे चाचणीसाठी बोर्ड पाठवले जात आणि कस्टमच्या नोंदीत ‘प्रिंटेड सर्किट बोर्ड असेम्ब्ली’ असं लिहून पुढे चिपचं सांकेतिक नाव आणि रुपयांत किंमत येई. जगभरचे बातमीदार त्या नोंदींवर टपलेले असत. फिजीसारखी नावं आणि त्यांच्या पाठवणुकी तिथेच आधी दिसल्या. गंमत अशी की लोक त्या रुपयांचे डॉलर करून कार्डाची बाजारातली किंमत काढायचे! नमुन्याच्या बोर्डावर कस्टमसाठी लिहिलेल्या मूल्याचा दुकानातल्या किमतीशी काडीचा संबंध नसतो. नोंदीतून कळायचं ते एवढंच, की सिलिकॉन फॅबमधून परत आलंय आणि कुणीतरी ते बोर्डावर बसवून तपासतंय. चिपच्या आयुष्यातला हा टप्पा महत्त्वाचा खरा, पण तिथून दुकानापर्यंतचं अंतर ग्राफिक्स कार्डासाठी वेगळं आणि कन्सोलसाठी वेगळं.

ते अंतर किती, हे उलटं मोजून पाहू. कन्सोल नोव्हेंबरात येतो, कारण अमेरिका-युरोपातली खरेदी तेव्हा होते. पीएस४, एक्सबॉक्स वन, पीएस५, सिरीज एक्स, सगळे नोव्हेंबरातले. नोव्हेंबरात दुकानात हवा तर सप्टेंबर-ऑक्टोबरात माल जहाजात पाहिजे. म्हणजे जुळणी उन्हाळ्यात जोरात सुरू. त्यासाठी पॅकेज होऊन तपासलेल्या चिपा तेव्हा हाताशी हव्यात. आजच्या प्रगत प्रक्रियांत वेफर (जिच्यावर चिपा घडवतात ती सिलिकॉनची चकती) फॅबमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे त्या वर्षाच्या सुरुवातीलाच चिपची शेवटची आवृत्ती पक्की झालेली हवी. पहिली आवृत्ती, जिला आमच्याकडे ए-झीरो म्हणतात, ती निर्दोष येत नाही. वरचे धातूचे थर बदलून एकदा तरी दुरुस्ती करावी लागते, आणि दर वेळी पुन्हा फॅबची वारी. हे सगळं धरलं की पहिला टेपआउट दुकानातल्या तारखेच्या साधारण दीड वर्ष आधी झालेला असावा लागतो. नोव्हेंबर २०२७ साठी तो २०२६ च्या मध्याच्या आसपास येतो. थोडं ताणता येईल, फार नाही.

वेफर किती लागतात याचाही अंदाज घ्या. पीएस५ ची मूळ चिप सुमारे ३०८ चौरस मिलिमीटर. ३०० मिलिमीटरच्या गोल वेफरवर कडेची वाया जाणारी जागा सोडून अशा १९० च्या आसपास बसतात. त्यांतल्या १६० वापरण्याजोग्या निघाल्या असं धरू. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सोनीने ४५ लाख पीएस५ बाहेर पाठवले. म्हणजे फक्त त्या पहिल्या खेपेसाठी अठ्ठावीस हजारांच्या आसपास वेफर. हे काम आयत्या वेळी होत नाही. फॅबमधली जागा खूप आधी अडवून ठेवावी लागते, आणि त्याच जागेसाठी फोनवाले आणि एआयवाले रांगेत असतात.

सिरीज एक्सच्या वेळी हे उघड दिसलं. एक्सबॉक्सचे त्या वेळचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी तेव्हा सांगितलं होतं की चिपमधल्या एएमडीच्या विशिष्ट तंत्रज्ञानासाठी थांबल्यामुळे उत्पादन उन्हाळ्याच्या शेवटी सुरू झालं. सोनीने आधी सुरुवात केली होती. दोन्ही कन्सोल दोन दिवसांच्या अंतराने आले, १० आणि १२ नोव्हेंबर २०२० ला. चिप उशिरा तयार झाली म्हणून मायक्रोसॉफ्टने तारीख हलवली नाही. माल कमी घेऊन आले. नोव्हेंबर चुकवण्यापेक्षा ते परवडतं.

उलटं उदाहरण निन्टेन्डोचं, आणि माझ्या मुद्द्याला ते जास्त उपयोगी आहे. स्विच २ मधली एनव्हिडियाची टी२३९ ही चिप. तिचं नाव २०२१ मध्येच बाहेर आलं होतं. २०२२ मध्ये लिनक्स कर्नलसाठी एनव्हिडियाच्या माणसांनी पाठवलेल्या बदलांत तिचा उल्लेख आला: एकाच समूहात आठ कोर. म्हणजे चिप कागदावरून बरीच पुढे सरकली होती. लोकांनी हिशेब केला आणि २०२३ ची तारीख वाटून टाकली. मग २०२४ ची. कन्सोल आला ५ जून २०२५ ला. तोवर तिची सॅमसंगची ८ नॅनोमीटरची प्रक्रिया (आकडा जितका लहान तितकी प्रक्रिया नवी) जुनी झाली होती आणि तिचं कुणाला काही वाटलं नाही. मूळ स्विचमध्येही तेच: टेग्रा एक्स१ ही २०१५ ची चिप, कन्सोल मार्च २०१७ चा. निन्टेन्डो चिपची वाट पाहत नाही. खेळ तयार होण्याची आणि साठा पुरेसा होण्याची वाट पाहते.

कागद खरा आणि भाकीत खोटं, याचा आणखी एक नमुना २०२३ च्या सप्टेंबरातला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मायक्रोसॉफ्टवर केलेल्या खटल्यात कंपनीचे अंतर्गत दस्तऐवज चुकून जगजाहीर झाले. त्यांत २०२२ चा आराखडा होता: पुढची पिढी २०२८ ला, प्रोसेसर आर्म (फोनमध्ये असते ती रचना) घ्यायचा की एएमडीचा झेन ६ ते अजून ठरायचंय, आणि मधल्या काळात २०२४ ला ‘ब्रूकलिन’ नावाचा डिस्कविरहित, गोल नळकांड्यासारखा सिरीज एक्स. याहून अस्सल कागद कुठून आणणार? पण ते नळकांडं कधी आलंच नाही. आराखडे दर तिमाहीला बदलतात. फुटलेला आराखडा हा एका दिवशी कुणाच्या तरी मनात काय होतं याचा पुरावा, त्यापलीकडे काही नाही.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. मला ज्या तीन गोष्टींवर भिस्त ठेवाविशी वाटते त्या तिन्ही अधिकृत आहेत, आणि तिन्ही लोक घाईत वाचतात.

पहिली: जून २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या तेव्हाच्या अध्यक्ष सारा बाँड यांनी एएमडीबरोबर अनेक वर्षांचा करार जाहीर केला आणि जुने खेळ नव्या यंत्रावर चालतील असंही सांगितलं. म्हणजे आर्म की एएमडी हा वाद संपला. सोनीच्या बाजूने तो आधीच मिटला होता. रॉयटर्सने सप्टेंबर २०२४ मध्ये बातमी दिली होती की पुढच्या प्लेस्टेशनच्या चिपचं काम २०२२ मध्ये इंटेलच्या हातून निसटून एएमडीकडे गेलं, आणि जुन्या खेळांची सुसंगतता हा त्यातला एक अडसर होता. ओबेरॉनच्या त्या पहिल्या दोन ओळी आठवा. ज्या चिपला आपल्या दोन पूर्वजांचं सोंग बरहुकूम घ्यायचं आहे, ती चिप दुसऱ्या कंपनीकडून करून घेणं म्हणजे डोकेदुखीला आवतण.

दुसरी: ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनी आणि एएमडीने मिळून एक चित्रफीत काढली. न्यूरल अॅरे, रेडियन्स कोर, युनिव्हर्सल कम्प्रेशन अशी तीन नवी तंत्रं दाखवली. बातम्या झाल्या त्या या नावांच्या. सर्नींनी त्यातच सांगितलं होतं की ही तंत्रं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहेत आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ती आणायची आहेत. माझ्या पेशातल्या माणसाला ते वाक्य जास्त मोलाचं. ऑक्टोबर २०२५ ला सिम्युलेशन म्हणजे टेपआउट झालेला नाही. वर मांडलेल्या उलट्या हिशेबात हे बसवा: नोव्हेंबर २०२७ अशक्य नाही, पण मध्ये एखादी दुरुस्ती जास्त लागली तर हाताशी फार महिने उरत नाहीत.

तिसरी: फेब्रुवारी २०२६ मध्ये एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी तिमाही निकालांच्या वेळी सांगितलं की पुढच्या एक्सबॉक्सच्या चिपचं काम २०२७ मधल्या आगमनाला साथ देईल अशा रीतीने चाललं आहे. लगेच मथळे झाले, ‘एक्सबॉक्स २०२७ मध्ये, एएमडीकडून शिक्कामोर्तब’. नीट वाचा. पुरवठादार सांगतोय की आमच्याकडून उशीर होणार नाही. दुकानात कधी ठेवायचं हा निर्णय त्यांचा नाही, आणि त्यांनी तो जाहीरही केलेला नाही. तरी या विधानाला मी वजन देतो. गुंतवणूकदारांसमोर अशी वाक्यं वकिलांच्या नजरेखालून गेल्याशिवाय निघत नाहीत.

झेन ६ कोर असतील का? कालक्रम जुळतो. झेन २ जुलै २०१९ मध्ये पीसीवर आला आणि सोळा महिन्यांनी कन्सोलमध्ये. झेन ६ वरच्या सर्व्हर चिपचा, ‘व्हेनिस’चा, २ नॅनोमीटरवरचा टेपआउट एएमडीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला होता. २०२७ च्या कन्सोलसाठी झेन ६ हा नैसर्गिक पर्याय आहे. फक्त सर्व्हर २ नॅनोमीटरवर म्हणून कन्सोलही तसाच, असं समजू नका. कन्सोलची चिप स्वस्त पडावी लागते, त्यामुळे ३ नॅनोमीटरची चर्चा मला जास्त पटते.

आकड्यांच्या अफवांपैकी एकच घेतो, कारण तिच्यावरून बरीच धुळवड झाली. पीएस६ ला १६० बिटचीच मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता) असेल, असं म्हणतात. पीएस५ ला २५६ बिटची आहे, मग ही तर पिछेहाट, असा लोकांचा सूर. गणित करून पाहा. पीएस५ मध्ये जीडीडीआर६ मेमरी दर पिनेला १४ गिगाबिट वेगाने चालते: २५६ भागिले ८, गुणिले १४, म्हणजे सेकंदाला ४४८ गिगाबाइट. जीडीडीआर७ ची ३२ गिगाबिटची मेमरी १६० बिटवर लावली तर १६० भागिले ८, गुणिले ३२, म्हणजे ६४०. पीएस५ प्रोच्या ५७६ पेक्षाही जास्त. बस अरुंद ठेवली की चिपच्या कडेवरची जागा वाचते, बोर्ड सोपा होतो. १६० बिट म्हणजे ३२ बिटचे पाच मार्ग. प्रत्येकावर पुढून-मागून मिळून ३ जीबीच्या दोन चकत्या बसवल्या की ३० जीबी. सोबत फिरणारा ३० जीबीचा आकडाही म्हणून बरोबर त्याच साच्यात बसतो. ही अफवा खरी आहे असं मी म्हणत नाही. ज्याने ती उठवली त्याला मेमरीचं गणित येतं, किंवा त्याला माहिती देणाऱ्याला येतं, एवढं नक्की. ‘३२ जीबी, १६० बिट’ असं कुणी सांगितलं असतं (३२ जीबी पाच मार्गांत सारखे वाटता येत नाहीत) तर मी पुढे वाचलंही नसतं.

आणि नेमकी इथेच गाडी अडते. त्या दहा चकत्यांचे पैसे कोण देणार? जीडीडीआर७ बनवणारे तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तेच तिघे एआयच्या चिपांना लागणारी एचबीएम मेमरीही बनवतात. एचबीएमच्या एका बिटला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतो, हे मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. म्हणजे एचबीएमची प्रत्येक ऑर्डर बाकीच्यांच्या तोंडचा घास काढते. २०२५ च्या शेवटी भाव असे चढले की मायक्रॉनने डिसेंबरात आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पीएस५ ला १६ जीबी लागते. तिच्या जवळपास दुप्पट मेमरी अशा बाजारातून घ्यायची आणि वर लोकांना झेपेल अशी किंमत ठेवायची, हे चिपच्या डिझाइनपेक्षा अवघड आहे.

पूर्वी यावर एक उतारा असे. कन्सोल तोट्यात विकायचा. दोन-तीन वर्षांत चिप लहान होते, खर्च उतरतो, किंमतही उतरवायची. पीएस२ २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळत होता. तो उतारा आता लागू पडत नाही. नवी प्रक्रिया आली तरी वेफर महाग होतो, आणि चिपवरची एसरॅम, म्हणजे चिपच्या आतली वेगवान मेमरी, तर लहान व्हायलाच तयार नाही. टीएसएमसी या तैवानी फॅबच्या ५ नॅनोमीटरवर एसरॅमचा एक सेल जेवढा होता तेवढाच तो ३ नॅनोमीटरच्या एन३ई प्रक्रियेतही राहिला. २०२२ मध्ये पीएस५ ची चिप ७ वरून ६ नॅनोमीटरवर गेली, ३०८ ची साधारण २६० चौरस मिलिमीटर झाली. किंमत उतरली नाही. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पीएस५ ४९९ वरून ५४९ डॉलरवर गेला, आणि ऑक्टोबरपर्यंत सिरीज एक्स ६४९ वर. पाच वर्षांचं यंत्र महाग होतंय हे या धंद्यात आधी कधी पाहिलं नव्हतं. आज चढ्या भावाने कन्सोल आणला तर उद्या तो स्वस्त होईल, या भरवशावर तोटा सोसता येत नाही. म्हणून तारखेचा निर्णय पूर्वीपेक्षाही जास्त मेमरीच्या कंत्राटांवर अवलंबून आहे.

मग पैज लावायची तर? पुढचा एक्सबॉक्स नोव्हेंबर २०२७ ला येईल, याला मी निम्म्याहून थोडी जास्त शक्यता देईन. तो महाग असेल आणि आकड्यांनी कमी विकला जाईल, म्हणून मायक्रोसॉफ्टला साठ्याची चिंता कमी. पीएस६ मात्र २०२८ ला. पीएस४ आणि पीएस५ मध्ये बरोबर सात वर्षांचं अंतर होतं, म्हणून सगळे २०२७ मोजतात. पण पीएस५ अजून चांगला खपतो आहे, आणि सोनीला कोट्यवधी लोकांना परवडेल असं यंत्र काढावं लागतं. मेमरी उतरेपर्यंत एक वर्ष थांबणं त्यांना जड नाही. मत बदलायला मला काय लागेल तेही सांगतो: २०२७ च्या पहिल्या काही महिन्यांत सोनीने चिपचा तपशील अधिकृतपणे उलगडला, तर त्याच वर्षी पीएस६ धरा. पीएस५ च्या वेळी तो उलगडा मार्चमध्ये आला होता, यंत्र नोव्हेंबरात. उन्हाळ्यापर्यंत शुकशुकाट असेल तर त्या वर्षाचा विषय संपला.

घ्यावा की थांबावं, याबद्दल. आपल्यासाठी जागतिक तारखेच्या पुढे आणखी एक पायरी असते. सिरीज एक्स भारतात जगाबरोबर आला, पण पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना, आणि नंतर कितीतरी महिने मिळायची मारामार होती. पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ ला निघाला तो भारतात अधिकृतपणे आलाच नाही. त्याचं वाय-फाय ७ जी ६ गिगाहर्ट्झची लहरपट्टी वापरतं तिला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. चिप एक नंबर, कन्सोल तयार, आणि अडलं वाय-फायवर! त्या पट्टीतला खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला आणि जानेवारी २०२६ मध्ये ते नियम लागूही केले, त्यामुळे पुढच्या पिढीला तो अडसर राहू नये. निन्टेन्डो तर भारतात अधिकृत विक्रीच करत नाही. लॅमिंग्टन रोडवर स्विच २ मिळतो तो कुणीतरी बाहेरून आणलेला, वॉरंटीची आशा न ठेवता घ्यायचा.

तेव्हा तुमच्याकडे आज काहीच नसेल किंवा पीएस४ असेल, तर डिस्कचा पीएस५ घ्या, शक्यतो दिवाळीच्या किंवा वर्षाअखेरच्या सवलतीत. भारतात पीएस६ हातात पडायला माझ्या अंदाजाने २०२९ उजाडेल. पीएस५ आल्यावरही सोनीचे मोठे खेळ २०२२ पर्यंत पीएस४ वर येत होते. या वेळी नव्या यंत्राची किंमत पाहता जुन्याला त्याहून जास्त काळ सांभाळावं लागेल. डिस्कचा अशासाठी की आपल्याकडे वापरलेल्या डिस्कचा बाजार चांगला आहे आणि खेळ संपवून विकता येतो. एक्सबॉक्सच्या बाबतीत उलट सल्ला देईन. त्याचे खेळ पीसीवरही येतात, त्यामुळे तुमच्याकडे बरा पीसी असेल तर सिरीज एक्सवर आज एवढे पैसे घालू नका. आणि पीएस५ आधीच असेल, फक्त प्रो हवा म्हणून बाहेरून मागवायचा विचार चालू असेल, तर तो पैसा राखून ठेवा. प्रोमध्ये ग्राफिक्स वाढलं आहे, पण प्रोसेसर तोच २०१९ चा झेन २ आहे, आणि ज्या खेळांत पीएस५ ला धाप लागते त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रोसेसरच कमी पडत असतो.